नारायण मल्हार जोशी
नारायण मल्हार जोशी (५ जून, १८७९ - ३० मे, १९५५) हे भारतीय कामगार चळवळीचे आद्य संघटक होते. त्यांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आता रायगड) जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. काही वर्षे शिक्षकी केल्यावर ते १९०९ साली भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. १९२० साली आयटकच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. मध्यवर्ती कायदेमंडळात ते कामगारांचे नामनियुक्त सदस्य होते. १९२१ साली त्यांनी तेथे मांडलेल्या ठरावातून १९२६ चा कामगार संघटना कायदा आकारास आला.

१९२८ च्या मुंबईतील गिरणी संपात ते संयुक्त संप समितीचे अध्यक्ष होते. हा संप केवळ मजुरीसाठी नव्हता, ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते. हजेरी, शिस्त व बडतर्फी यांविषयीचे मालकांचे ‘स्थायी आदेश’ हाही वादाचा विषय होता. फॉसेट चौकशी समितीपुढे मागण्यांबरोबर हे आदेशही तपासले गेले. पुढे ते शाही मजूर आयोगाचे सदस्य झाले. आयोगावरील बहिष्काराच्या वादातून १९२९ साली आयटक फुटली.

मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे असताना १९४६ साली स्थायी आदेशांचा कायदा संमत झाला. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांतील आदेश प्रमाणित करण्यापूर्वी कामगारांच्या हरकती ऐकणे व ते आदेश कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावणे बंधनकारक झाले. नमुना आदेशांनुसार गैरवर्तनाचा आरोप लेखी कळवून खुलाशाची संधी द्यावी लागते. त्यामुळे अशा नोटिशीच्या पोचेवर केलेली सही ही आरोपाची कबुली ठरत नाही.

मुंबईतील डिलाइल रोडला जोशी यांचे नाव देण्यात आले आहे.