नलराजाचें चरित्र

विद्यार्थीमित्रहो, आपल्या मालवण-वेंगुर्ल्याकडील जत्रांत दशावतारी मंडळी रात्रभर पुराणांतील राजांचीं आख्यानें रंगवितात. अशा राजांपैकीं निषधाधिपति नल याचें चरित्र विशेष मननीय आहे. द्यूतांत सर्वस्व गमावून वनांत आलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषींनीं तें सांगितलें, असें महाभारताच्या वनपर्वांत आहे. मराठींत रघुनाथ पंडितांनीं त्यावर रसाळ काव्य रचलें.

नल हा वीरसेनाचा पुत्र. तो शूर, सत्यवादी व अश्वविद्येंत निष्णात होता. परंतु त्याला फांशांची आवड होती, हेंही महाभारत लपवीत नाहीं. विदर्भराज भीमाची कन्या दमयंती हिच्या स्वयंवरास इंद्रादि चार देव नलाचें रूप घेऊन आले. देवांची छाया पडत नाहीं व पापणी लवत नाहीं, या खुणांवरून तिनें खरा नल ओळखून त्यालाच वरिलें.

बारा वर्षें सुखांत गेलीं. पुढें कलीनें त्याच्या देहांत प्रवेश केला आणि भाऊ पुष्कर यानें त्याला द्यूतास बोलाविलें. कित्येक महिने डाव चालला. मंत्री व प्रजाजन दाराशीं आले, दमयंतीनें विनविलें. पण राजानें कोणाचेंच ऐकिलें नाहीं. तिनें मुलांना माहेरीं कुंडिनपुरास धाडिलें. राज्य गेलें, तरी पत्नीला पणास लावण्याचें मात्र नलानें नाकारिलें. तथापि वनांत तिला निद्रिस्त सोडून तो निघून गेला.

वणव्यांतून सोडविलेल्या कर्कोटक नागाच्या दंशानें तो विरूप झाला आणि बाहुक या नांवानें अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथि बनला. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून दोघे रथांतून विदर्भाकडे निघाले. वाटेंत ऋतुपर्णानें एका बेहड्याचीं पानें-फळें क्षणांत मोजून सांगितलीं. प्राचीन काळीं याच फळांनीं द्यूत खेळत. नलानें स्वतः मोजून खात्री केली व अश्वविद्या देऊन ती गणनविद्या घेतली. तत्क्षणीं कलि बाहेर पडला.

स्वयंवर हें नलाला शोधण्यासाठीं दमयंतीनेंच योजिलेली युक्ति होती. पतिपत्नींची भेट झाली. नलानें पुष्कराला एकाच डावांत जिंकिलें. पण सूड न घेतां त्याला क्षमा करून त्याचें वित्त परत दिलें.

बालमित्रहो, या विजयाला भुलूं नका. राज्य मिळालें तरी रडत माहेरीं गेलेल्या मुलांचे आणि वनांत एकटीनें भटकलेल्या दमयंतीचे ते दिवस परत आले नाहींत. घरच्यांची विनवणी वेळींच ऐकणें, हाच या चरित्राचा बोध होय.