बॉम्ब ते झाडू : सेनापती बापट

दिवाळीनंतर डिंडोलीच्या गल्लीत फटाक्यांचा कचरा झाडताना आम्हाला सेनापती बापट आठवतात.

पांडुरंग महादेव बापट, जन्म १८८०, पारनेर. शिष्यवृत्ती मिळवून एडिनबर्गला इंजिनीअरिंग शिकायला गेले, पण देश पारतंत्र्यात, मन लागेना. पॅरिसला रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या शिकले.

स्फोटात दारूचा क्षणात तापलेला वायू होतो अन् तो वाट फोडून निघतो. विहिरीच्या सुरुंगात तीच ताकद पाणी दाखवते. बापटांना बॉम्बने जीव घ्यायचे नव्हते, देश जागा करायचा होता. पण सोबत शिकलेल्या हेमचंद्रांचा बॉम्ब १९०८ मध्ये मुझफ्फरपूरला फुटला, आणि दोन निरपराध बायका गेल्या. सुटलेली आग कुणाचं ऐकत नाही हो!

पुढे याच बापटांनी पारनेरला हाती झाडू घेतला, रस्ते झाडले. १९२१ ला मुळशीच्या धरणात जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांसाठी लढले, 'सेनापती' झाले. १९६७ मध्ये गेले.

ताकद आपल्या सगळ्यांत आहे, रागही आहे. तो कुठे लावायचा, हे आज घरी मुलांशी बोलू या. आणि हो, न फुटलेला फटाका त्यांना उचलू देऊ नका.