रे. नारायण वामन टिळक
ज्यांची भजने आपण प्रभुवारी गातो, त्या रे. टिळकांचा जन्म सन १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आप्तेष्ट दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईही अंतरल्या. त्या परत आल्यावर टिळकांनी त्यांजवर जुलूम केला नाही. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

परक्या चालींवर गाणाऱ्या मंडळ्यांस टिळकांनी अभंग व भजने दिली. मग अक्षरशून्य बंधूलाही प्रभूची स्तुती आपल्याच वाणीने गाता आली. १९१९ साली ते प्रभूमध्ये निजले.

प्रियजनहो, घरच्यांचा दुरावा सोसणारा कोणी आपल्या मंडळीत असेल, तर आपण त्याच्या दारी जाऊ व त्याजबरोबर एक भजन गाऊ.