पदवीवाचून प्राध्यापक : धर्मानंद कोसंबी

गोमंतकातील साखवाळ या गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण म्हणावे तर थोडेसे मराठी, एवढेच. प्रकृती नाजूक, नारळीच्या बागायतीत वडिलांना हातभार लावावा व उरलेल्या वेळात हाती पडेल ते वाचावे, असा त्यांचा क्रम असे. अशा दिवसांत ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्यांनी भगवान बुद्धाचे चरित्र वाचले, आणि बुद्धाच्या धर्माचे ज्ञान मुळातून मिळवावे या ध्यासाने त्यांना घेरले. मुलांच्या मासिकांना क्षुल्लक लेखणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी!

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी मागे राहिली. त्या माउलीने जे सोसले त्याचा हिशेब चरित्रकार क्वचितच मांडतात. पुणे व ग्वाल्हेर करीत कोसंबी काशीस पोहोचले आणि अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. पुढे नेपाळ, बुद्धगया व १९०२ साली सिंहलद्वीप. तेथील विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या चरणी बसून ते पाली शिकले, आणि नंतर ब्रह्मदेशातही राहिले. सात वर्षांच्या या भ्रमंतीनंतर ते परतले ते पालीचे पंडित होऊनच.

कलकत्ता विद्यापीठात त्यांस पाली शिकविण्याचे काम मिळाले. परंतु आपली विद्या महाराष्ट्राच्या उपयोगी पडावी ही त्यांची तळमळ. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज यांनी दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाकाठी एक ग्रंथ लिहावा. कलकत्त्याचे मोठे वेतन सोडून कोसंबींनी हे ५० रुपये पत्करले.

१९१० साली प्रा. जेम्स वूड्स यांच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. आचार्य बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचे संपादन हेन्री वॉरन यांनी आरंभिले होते, पण १८९९ साली ते निवर्तल्यामुळे काम अपुरे राहिले होते. असे संशोधन म्हणजे मोठे चिकाटीचे काम. सिंहली व बर्मी लिपींतील हस्तलिखिते शेजारी ठेवून शब्दाशब्दाचा पाठभेद टिपावयाचा, आणि मूळ पाठ कोणता असावा ते ठरवावयाचे. कोसंबींनी हे श्रम मन लावून केले; परंतु संपादकाचे श्रेय कोणास, यावरून प्रा. लानमन यांच्याशी मतभेद झाला. कोसंबी स्वभावाने नम्र, पण न्याय्य श्रेय सोडून देणे त्यांस मान्य नव्हते. काम अपुरे टाकून १९१२ साली ते स्वदेशी परतले. त्यांचे हे वागणे हट्टाचे होते असे मला वाटत नाही.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात १९१२ ते १९१८ ही सहा वर्षे त्यांनी पाली शिकविली. डॉ. भांडारकरांच्या सहकार्याने मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात या भाषेचा प्रवेश झाला होता. वर्गापुढे उभ्या असलेल्या या अध्यापकापाशी स्वतःची एकही पदवी नव्हती, आणि समोरचे विद्यार्थी पदवीसाठी जमलेले! त्यांतूनच पु. वि. बापट यांच्यासारखे संशोधक निघाले. चिमणरावाचे जनक चिं. वि. जोशी हेही त्यांचेच शिष्य. बडोद्यास त्यांनी पुढे पालीचेच अध्यापन केले, हे पुष्कळ वाचकांस नवल वाटेल.

हार्वर्डचे काम मात्र मनातून गेले नव्हते. १९१८ साली ते पुन्हा तेथे गेले व १९२२ पर्यंत राहिले; या खेपेस मुलगी माणिक व मुलगा दामोदर बरोबर होती. पुत्र दामोदर पुढे थोर गणिती व इतिहाससंशोधक म्हणून गाजले. वाद पुन्हा उद्भवला. मध्यंतरी गुजरात विद्यापीठात अध्यापन झाले, आणि अखेर १९२६-२७ च्या खेपेत संपादन पुरे झाले. तरी ग्रंथ छापून निघेना. १९४० साली भारतीय विद्या भवनाने कोसंबींची देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली. जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला. हार्वर्डची आवृत्ती १९५० साली निघाली. तिच्या मुखपृष्ठावर वॉरन यांच्याबरोबर धर्मानंद कोसंबी हे नाव छापलेले आहे.