ज्योत विझली, तार लालच

कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये असाल, तर मॉडेल विमानाचं मुठीएवढं ग्लो इंजिन तुम्ही पाहिलं असेल. प्लगला दीड व्होल्टची बॅटरी लावायची, पंखा फिरवायचा आणि इंजिनाने सूर धरला की बॅटरी चक्क काढून टाकायची. मग ठिणगी कुठून येते? येतच नाही! आतली प्लॅटिनमची बारीक तार मेथॅनॉलच्या वाफेत आपली आपण लाल राहते. अमेरिकेतल्या रे आर्डेनने हा प्लग १९४७च्या सुमारास आणला. पण त्या तारेची गोष्ट त्याच्याही १३० वर्षं आधीची आहे, हम्फ्री डेव्हीची.

सोडियम-पोटॅशियम शोधणारा म्हणून तुम्ही त्याला शाळेतच ओळखता. जन्म १७७८चा, इंग्लंडमधल्या पेन्झन्सचा. वडील लवकर गेले, हा एका डॉक्टरकडे उमेदवारीला लागला. सापडेल तो वायू स्वतःच हुंगून बघायचा, म्हणजे आजच्या कुठल्याही लॅबमधून हाकललाच गेला असता. १८१२मध्ये एका स्फोटात त्याच्या डोळ्याला इजा झाली. पुढच्याच वर्षी त्याने बाइंडिंगचं काम शिकलेल्या एका पोराला मदतनीस म्हणून घेतलं. तो मायकेल फॅरेडे.

त्याच १८१२मध्ये फेलिंगच्या कोळसा खाणीत मिथेनचा भडका उडून ९२ जण मेले. खाणीत उजेड हवा, पण दिवा नेला की स्फोट. रे रोडला उतरून दारूखान्याकडे गेलात तर हा पेच लगेच कळेल. तिथे वर्षानुवर्षं जहाजं तोडली गेली. टाकी रिकामी दिसते, आत वाफ कोंडलेली असते आणि गॅस कटरची ज्योत टेकली की संपलं.

डेव्हीने १८१५मध्ये ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवली. जाळी उष्णता शोषून घेते, ज्योत बाहेर पडत नाही. त्याने पेटंट घेतलं नाही. जॉर्ज स्टीफन्सनने असाच दिवा स्वतंत्रपणे बनवला होता, त्याच्यावर मात्र चोरीचा आळ घेतला. हे त्याला शोभलं नाही, असं मला वाटतं. आणि मालकांनी काय केलं? सुरक्षित दिवा मिळाला म्हणून जास्त गॅसच्या, बंद ठेवलेल्या जागाही खणायला काढल्या. जाळी गंजली किंवा तिला एक भोक पडलं, की जीव गेला.

या दिव्यावर काम करतानाच त्याने ज्योतीवर प्लॅटिनमची तार टांगली. गॅस वाढला, ज्योत विझली, तार मात्र लालच! १८१७मध्ये त्याने हे छापलं. अल्कोहोलच्या वाफेतही तेच झालं. तांब्या-लोखंडाच्या तारांना ते जमेना. डेव्ही १८२९मध्ये जिनिव्हात वारला, वय फक्त ५०.

आता जुनं ग्लो इंजिन हाती आलं तर जबरदस्तीने फिरवू नका. आतलं एरंडेल जळून, चिकटून बसलेलं असतं. इंजिन थोडं गरम करा, थंड झाल्यावर मेथॅनॉलमध्ये भिजत ठेवा आणि मग हळूहळू सोडवा. मेथॅनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उन्हात जवळपास दिसत नाही, तेव्हा आगीपासून लांब. उडवून झालं की उरलेलं इंधन जाळून टाका आणि तेलाचे चार थेंब सोडा, नाहीतर मेथॅनॉल ओलावा ओढतं आणि बेअरिंग गंजतात. प्लगची तार चकचकीत आहे ना, तेही बघा. पांढुरकी, खरखरीत झाली असेल तर बॅटरी काढताच इंजिन बंद पडेल.