लुई ब्रेल

पॅरिसजवळच्या कूव्रे या खेड्यात सायमन ब्रेल घोड्यांची खोगिरे व चामडी साज तयार करीत असत. त्यांच्या घरी ४ जानेवारी १८०९ रोजी लुई यांचा जन्म झाला. तीन वर्षांचे असताना वडिलांच्या कारखान्यात खेळता खेळता चामड्याला भोके पाडण्याची आरी त्यांच्या डोळ्यात घुसली. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यालाही संसर्ग झाला आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले.

१८१९ साली ते पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाले. तेथील पुस्तकांत नेहमीचीच अक्षरे जाड कागदावर उठावाने छापलेली असत. प्रत्येक अक्षराच्या वळणावरून बोट फिरवावे लागे, त्यामुळे वाचन फार सावकाश होई. त्याहून मोठी उणीव म्हणजे विद्यार्थ्यांना ती अक्षरे स्वतः लिहिता येत नसत. डोळ्यांसाठी घडलेली लिपीच बोटांवर लादली गेली होती.

१८२१च्या सुमारास चार्ल्स बार्बिए या निवृत्त सैनिकी अधिकाऱ्याची टिंबांची लिपी शाळेत आली. तिच्या एका चिन्हात बारापर्यंत टिंबे असत. ती बोटाच्या एका स्पर्शात मावत नसत. शिवाय ती केवळ उच्चारांवर आधारलेली असल्याने शुद्धलेखन व विरामचिन्हे यांना तीत स्थान नव्हते. लुईंनी बारांची सहा टिंबे केली. दोन उभ्या ओळींत तीन-तीन टिंबे, त्यांतून ६३ चिन्हे! १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ही लिपी आकारास आली. पाटीत कागद अडकवून टोकदार लेखणीने उजवीकडून डावीकडे टिंबे उठवायची आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचे. ही लेखणीही आरीच्याच जातीची, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल.

१८२९ साली लिपीचे पुस्तक निघाले. पुढे ब्रेल त्याच शाळेत शिक्षक झाले. परंतु १८४० साली आलेल्या नव्या संचालकांनी या लिपीस मनाई केली. डोळस शिक्षकांना न वाचता येणारी लिपी त्यांना नको होती. विद्यार्थी मात्र चोरून लिहीतच राहिले. अखेर १८४४ साली शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी लिपीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले व मनाई उठली.

६ जानेवारी १८५२ रोजी क्षयाने ब्रेल यांचे निधन झाले. फ्रान्समध्ये लिपीला अधिकृत मान्यता मिळाली ती त्यानंतर, १८५४ साली. भारतीय भाषांसाठी १९५१ साली भारती ब्रेल ठरली. मराठी 'क' तीत पहिल्या व तिसऱ्या टिंबाने लिहितात. १९५२ साली ब्रेल यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑन या राष्ट्रीय स्मारकात नेण्यात आले. त्यांचे हात मात्र कूव्रेच्या कबरीवरील कलशात ठेवले आहेत.