वीतभर कागदावरचं काळीज

मागच्या महिन्यात सासूबाईंच्या छातीत धडधडायला लागलं. दवाखान्यात हातापायांना चिमटे लावले, आणि पाच मिनिटांत नागमोडी रेघांची पट्टी डॉक्टरांच्या हातात! अख्ख्या आयुष्याचं काळीज वीतभर कागदावर मावलं, याचंच सासूबाईंना नवल. मला मात्र हा ईसीजी शोधणारा माणूस कोण, याची उत्सुकता लागली.

त्यांचं नाव विलेम आइन्थोवेन. जन्म १८६० चा, जावा बेटावरच्या सेमारांगचा. तिथं तेव्हा डचांचं राज्य होतं. वडील डॉक्टर, पण विलेम लहान असतानाच ते गेले. आईनं सहा मुलांना घेऊन समुद्र ओलांडला आणि हॉलंडमधल्या उत्रेख्तला नव्यानं बिऱ्हाड मांडलं. तिथंच विलेम डॉक्टर झाले आणि जेमतेम पंचविशीत लायडन विद्यापीठात प्राध्यापक म्हणून नेमले गेले.

नाडीचे ठोके काजळी धरलेल्या कागदावर उमटवणारी यंत्रं तेव्हा होती. पण ठोक्यागणिक हृदयात निर्माण होणारी वीज फारच क्षीण, ती नीट टिपायची कशी? आइन्थोवेननी चांदीचा मुलामा दिलेली, केसाहून बारीक क्वार्ट्झची तार ताकदवान चुंबकाच्या मधोमध ताणून बसवली. वीज आली की तार हलायची आणि तिची सावली सरकत्या फोटोच्या काचेवर उमटायची. १९०१ साली त्यांनी हे यंत्र जगापुढं मांडलं.

पण यंत्र कसलं, धूडच ते! वजन सुमारे २७० किलो, चालवायला पाच माणसं. पेशंटनं हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचं. ते रुग्णालयात नेणार कसं? मग १९०५ साली त्यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातल्या पेशंटचे ठोके टेलिफोनच्या तारेवरून प्रयोगशाळेत आणले. रेघेवरच्या चढउतारांना त्यांनी दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही नावं आजही डॉक्टर वापरतात.

१९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्याबद्दल एक हकिगत सांगतात. यंत्र उभारायला वर्षानुवर्षं राबलेल्या मदतनीसाला बक्षिसाचा वाटा द्यायचा म्हणून त्यांनी त्याचा शोध घेतला. तो वारला होता. त्याच्या दोन बहिणी हलाखीत दिवस काढत होत्या. आइन्थोवेननी निम्मी रक्कम त्यांना दिली.

१९२७ साली ते गेले. सासूबाईंची पट्टी, देवाच्या दयेनं, नॉर्मल निघाली. फाईलमध्ये ठेवताना मला मात्र त्या रेघांमागं सहा मुलांना घेऊन बोटीत बसलेली आई दिसत होती, आणि तो मदतनीसही.